खबर आणि नोंद

तलासरी तालुक्यातलं धामणगाव हे जिव्या सोमा म्हसे यांचं जन्मगाव. जन्माचं साल १९३४ सांगतात, आणि त्या काळच्या वारली माणसाच्या बाबतीत साल मिळालं हेच पुष्कळ. झोपडीच्या भिंतीवरची चित्रं कागदावर आणून जगभर नेणारा हा माणूस पुढे डहाणू तालुक्यात, गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिला, २०११ साली त्याला पद्मश्री मिळाली आणि १५ मे २०१८ रोजी तो गेला. मृत्यूची तारीख पक्की आहे. एका टोकाला नुसतं साल, दुसऱ्या टोकाला तारीख. मधे चौऱ्याऐंशी वर्षं आणि शेजारशेजारचे दोन तालुके. या वर्षांत इथला माणूस सरकारच्या वहीत कसा शिरला, किती उशिरा शिरला आणि पुष्कळदा का शिरलाच नाही, याची ही हकिकत आहे. शेवटी शेवटी तिच्यात मोबाइल येतो. पण तो आला आणि सगळं सुरळीत झालं, अशी ही गोष्ट नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पाड्यावर कोण जन्मलं आणि कोण गेलं हे पाड्याला कधीच कळत नव्हतं असं नाही. सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारची ती बुधी, शुक्रवारचा तो सुकऱ्या: वार तर नावातच कोरलेला. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा, म्हणजे पाच दिवस मोजलेले. ‘ज्या साली भात बुडालं’ किंवा ‘धाकटीच्या लग्नाच्या आदल्या पावसात’ असं सालही सांगितलं जाई. हे सगळं चोख होतं, फक्त ते पाड्याच्या हद्दीबाहेर चालत नसे. मामलेदार कचेरीत सोमवार चालत नाही.

खबर मात्र चालायची, आणि विलक्षण वेगानं चालायची. याचा सगळ्यात भयंकर दाखला १९४५ सालचा आहे. त्या वर्षी २३ मे रोजी झरी गावात वारल्यांची सभा झाली. तलासरी हा स्वतंत्र तालुका तेव्हा नव्हता, झरी उंबरगाव तालुक्यात होतं. वेठ आणि लग्नगडीपणा (लग्नाच्या कर्जापायी पत्करावी लागणारी वेठबिगारी) यापुढे नाही, असं शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या लाल बावट्याखाली ठरलं. ऑक्टोबरमध्ये गवतकापणीच्या मजुरीवरून संप पेटला. तेव्हा जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांत निरोप सोडला की गोदावरीबाई तलवाड्याला येणार आहेत, जमा व्हा. निरोप खोटा होता. तरी तो रातोरात इतका पसरला की हजारो माणसं रानातून चालत तलवाड्याला जमली. तिकडे वारली चाल करून येत आहेत असं पोलिसांना सांगितलं गेलं होतं. १० ऑक्टोबरला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. त्या रात्री कुणाकडेही तार नव्हती, टेलिफोन तर नव्हताच. अनवाणी पायांनी वाहून नेलेली खबर एवढी ताकदीची असते. ती खरी आहे की खोटी, हे तिला स्वतःला कळत नसतं, तेव्हाही आणि आताही.

त्याच माणसांची नोंद कुठे होती? सावकाराच्या वहीत बहुधा असेल. सरकारची म्हणून एक वही होती: गाव नमुना नंबर १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. गावात जन्म झाला, मरण झालं की कोतवालानं ते पाटलाच्या कानावर घालायचं, वहीत तारीख, बापाचं नाव, जात, मरणाचं कारण लिहिलं जायचं आणि आकडे तालुक्याला जायचे. कारणांचे रकाने इंग्रजी आरोग्य खात्यानं ठरवलेले: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा आणि ‘इतर’. ज्याचं कारण कळत नाही ते सगळं तापात. मलेरिया ताप, विषमज्वर ताप, बाळंतपणानंतर चढलेला तोही ताप. रोगाचं नाव ठरवायला तिथे डॉक्टर नव्हताच, होता तो कोतवाल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या फेरीत मुख्य गाव यायचं. पाडे मात्र गावापासून डोंगर, ओहोळ आणि भाताच्या खाचरांपलीकडे विखुरलेले, आणि पावसाळ्यात तर गावापासून तुटलेलेच. वहीत शिरला तो गावठाणातला माणूस.

हीच वही २०२३ मध्ये अचानक महाराष्ट्रभर प्रसिद्धीला आली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं तहसील कचेऱ्यांतली ही जुनी रजिस्टरं उघडायला लावली, मोडी वाचणारे शोधले गेले. ही कवडीमोल वही कधीतरी सोन्याच्या भावानं वाचली जाईल, असं लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. आदिवासींना मात्र या वहीची गरज आधीपासूनच आहे. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. जातपडताळणीला जायचं तर त्या तारखेआधीचा पुरावा दाखवावा लागतो: आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नोंद. ज्यांच्या पाड्यावर शाळाही नव्हती आणि कोतवालही फिरकत नव्हता, त्यांच्याकडून १९५० आधीचा कागद मागायचा, हा विनोद सरकारला अजून कळलेला नाही.

शाळेचा दाखला म्हटलं की एक जून आलाच. महाराष्ट्रात ज्यांचा वाढदिवस एक जूनला येतो, त्यांतल्या पुष्कळांची जन्मतारीख आईला नव्हे, मास्तरांना माहीत असते. मूल डोक्यावरून हात घेऊन कानाला लावू शकलं की सहा वर्षांचं, आणि जून महिना शाळेचा म्हणून तारीख एक जून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची कल्पना. अंगणवाडी हा शब्दच तिथून सरकारच्या योजनेत गेला. शिक्षणाच्या इतिहासात हे नेहमी सांगितलं जातं. नोंदीच्या इतिहासात कुणी सांगत नाही की अंगणापर्यंत वही पोचवायचा विचार या डहाणू तालुक्यातच आधी झाला होता.

कायद्यानं तो विचार केला नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. ग्रामीण भागात निबंधक झाला ग्रामसेवक. (२०२४ पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली, काम तेच.) नियम वाचायला सोपे आहेत. घटना जिथे घडली तिथेच तिची नोंद. दवाखान्यात घडली तर दवाखान्यानं कळवायचं, घरी घडली तर कुटुंबप्रमुखानं. मुदत एकवीस दिवस. जन्माला नमुना एक, मृत्यूला नमुना दोन, मृतजन्माला नमुना तीन. २०२३ पर्यंत एकवीस दिवस उलटले तर विलंब शुल्क दोन रुपये, महिना उलटला तर वरिष्ठांची लेखी परवानगी आणि पाच रुपये, वर्ष उलटलं तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश आणि दहा रुपये असा हिशेब होता. शुल्क किरकोळ म्हणून लोक हसतील. पण सायवनच्या किंवा उधव्याच्या पाड्यावरून डहाणूच्या कोर्टात जायचं म्हणजे एक रोज बुडायचा, जीपचं भाडं जायचं, वकील किंवा टायपिस्ट आपले पैसे घ्यायचा, आणि साहेब नसले तर हे सगळं पुन्हा एकदा. दहा रुपये हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग होता.

आणि कशासाठी? जन्माचा दाखला निदान शाळेला लागतो. दोन दिवसांचं बाळ गेलं तर कायद्याप्रमाणे दोन नोंदी हव्यात: आधी जन्माची, मग मृत्यूची. त्या आईला किंवा बापाला त्या दोन कागदांनी काय मिळणार होतं? मृत्यूची नोंद माणसं करतात ती सातबाऱ्यावर वारस लागावेत, विधवेला निराधारचं अनुदान मिळावं, वनपट्टा मुलांच्या नावे व्हावा म्हणून. ज्याच्या मागे सातबारा नाही, पट्टा नाही, आणि ज्याला अजून नावही ठेवलेलं नाही, ते मूल वहीबाहेरच राहतं. वहीबाहेर मेलेली मुलं कोणत्याच आकड्यात नसतात.

हे १९९२ मध्ये उघडं पडलं. तेही याच पट्ट्यात, डहाणूच्या पूर्वेला, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत. कुपोषणानं शंभराहून जास्त मुलं गेली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक तिथे पोचले. मग नवसंजीवनी योजना आली, पाडा स्वयंसेवक आले, पावसाळ्यात भरारी पथकं फिरू लागली. पुढे २००१ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या अभ्यासगटानं ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. त्यांनी गावांत आणि झोपडपट्ट्यांत घरोघर फिरून मोजलं आणि अंदाज बांधला की महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत. सरकारच्या कागदावर यातले फार थोडे होते. सरकारनं डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बालमृत्यू लपतात कसे, हे आरोग्य खात्यात काम केलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मृत्यू लिहिला की चौकशी येते, नोटीस येते, बैठकीत उभं केलं जातं. न लिहिला तर काहीच होत नाही. आणि लिहावाच लागला, तर जन्मून तासाभरात गेलेलं बाळ ‘मृतजन्म’ म्हणून नमुना तीनमध्ये सरकवण्याची पळवाट जुनी आहे. बालमृत्यू दर त्यानं लगेच सुधारतो.

बंगांनी गडचिरोलीत याचं उत्तर आधीच दाखवून ठेवलं होतं आणि त्यात मोबाइलचा संबंध नव्हता. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बाईला आरोग्यदूत केलं, जन्म आणि मृत्यू टिपायचं काम दिलं, आणि दर सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसांकरवी घरोघर फिरून तिची नोंद तपासली. १९९९ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आरोग्यदूतांच्या घरगुती काळजीमुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, असं त्यात मांडलं होतं. जग चकित झालं ते घटीनं. मला त्याआधीची गोष्ट मोठी वाटते: घट सिद्ध करता आली, कारण मेलेलं प्रत्येक मूल आधी मोजलं गेलं होतं, आणि ते मोजलं म्हणून मोजणाऱ्या बाईला कुणी नोटीस दिली नव्हती.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं आणि पाड्याला आशा कार्यकर्ती मिळाली. २०११ मध्ये केंद्रानं नवजात बाळाच्या घरभेटींची योजना आणली, ती बरीचशी गडचिरोलीच्या धर्तीवर. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात, आणि मोबदला २५० रुपये. तो मिळायचा तर ज्या गोष्टी पुऱ्या व्हायला हव्यात त्यांत वजन आहे, लस आहे आणि जन्माची नोंदही आहे. म्हणजे नोंदीसाठी ग्रामसेवकाच्या मागे लागायला पहिल्यांदा कुणाला तरी कारण मिळालं. कारण थोडं होतं, पण ते पाड्यावर राहणाऱ्या बाईला मिळालं. देशभरात पाच वर्षांखालच्या ज्या मुलांचा जन्म नोंदलेला होता, त्यांचं प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४१ टक्के होतं, २०१५-१६ च्या पाहणीत ते जवळपास ८० वर गेलं आणि २०१९-२१ मध्ये ८९ वर. याच काळात घरातली बाळंतपणं दवाखान्यात गेली. नोंद वाढली ती बरीचशी यामुळे. मूल दवाखान्यात जन्मलं की कळवायची जबाबदारी दवाखान्याची होते.

मोबाइलही याच काळात पाड्यावर आला. २००९ च्या अखेरीस केंद्रानं माता-बाल मागोवा प्रणाली सुरू केली. प्रत्येक गरोदर बाईचं नाव संगणकात आणि नावापुढे फोन नंबर. आता नंबर कुणाचा? बाईकडे फोन नव्हता. मग नवऱ्याचा, तो वीटभट्टीवर गेला असेल तर दिराचा, नाहीतर दुकानदाराचा, आणि सरतेशेवटी आशाताईंचाच. एकाच नंबरावर दहा-बारा बायका. पुण्यामुंबईच्या पडद्यावर त्या सगळ्या ‘संपर्कात’ दिसायच्या. तरीही काहीतरी खरंच बदललं होतं. पूर्वी ज्या मरणाची खबर उपकेंद्रात पोचायला आठवडा लागे, ती त्याच संध्याकाळी पोचू लागली. २०१९ च्या ‘सुमन’ योजनेत तर माता मृत्यूची खबर पहिल्यांदा देणाऱ्याला एक हजार रुपये ठेवले गेले. १०४ वर फोन करायचा. तलवाड्याच्या रात्रीनंतर पाऊणशे वर्षांनी सरकारला खबर देणाऱ्याचं महत्त्व कळलं.

पण १०४ वर केलेला फोन म्हणजे नमुना दोन नव्हे. गुंता इथे आहे. आरोग्य खात्याच्या यादीत तो मृत्यू येतो, त्यावर समिती बसते, आणि तेच नाव ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत असेलच असं नाही. आशाची वही, अंगणवाडीची वही, नर्सताईंचं पोर्टल आणि ग्रामसेवकाची नोंदवही, एकाच पाड्याच्या चार मोजण्या. फोननं खबरेचा वेग वाढवला. या चार वह्यांमधलं अंतर त्यानं कापलं नाही. कागदावर सही करणारा माणूस तिथेच बसला होता जिथे तो १९७० मध्ये बसला होता, आणि त्याच्याकडे अजूनही दोन-तीन गावांचा कारभार होता.

गरीब देशांत मोबाइलवरून जन्म-मृत्यू नोंदवायचे प्रयोग याच दशकात पुष्कळ झाले. युगांडानं २०११ च्या सुमारास युनिसेफ आणि युगांडा टेलिकॉमच्या मदतीनं गावपातळीवरच्या माणसाच्या साध्या फोनवरून जन्म कळवण्याची सोय केली. टांझानियानं २०१३ मध्ये म्बेया भागात सुरुवात केली ती निराळ्या पद्धतीनं. दवाखान्यातला किंवा वॉर्डातला माणूस हातानं लिहिलेला दाखला तिथल्या तिथे आईच्या हाती देतो आणि मग तीच माहिती फोनवरून मध्यवर्ती यंत्रणेला पाठवतो. क्रम पाहा. आधी कागद, मग फोन. आपल्याकडे क्रम उलटा आहे: फोन पुढे जातो, माणसं मागून कागदासाठी खेटे घालतात. मला विचाराल तर टांझानियाचा धडा तंत्रज्ञानाचा नाहीच, तो अनुताईंचा आहे.

डहाणू-तलासरीत आणखी एक अडचण आहे. ती दिल्लीत बसून कुणाला सुचणार नाही. मुंबई राज्य १९६० मध्ये दुभंगलं तेव्हा उंबरगाव तालुकाही दुभंगला. बराचसा गुजरातेत गेला, उरलेल्यातून आजचा तलासरी तालुका झाला. नाती मात्र दुभंगली नाहीत. तलासरीच्या बाईचं माहेर सीमेपलीकडे असतं, अवघड बाळंतपण सिल्वासाला किंवा वलसाडला जातं, नवरा वापीच्या कारखान्यात नाहीतर पोरबंदर-ओख्याच्या बोटीवर खलाशी असतो. २०११ च्या जनगणनेत तलासरीची वस्ती दीड लाखाच्या वर होती आणि त्यात दहांतले नऊ आदिवासी. घटना जिथे घडली तिथेच नोंद, हा नियम या लोकांना लावून पाहा. मूल वलसाडला जन्मलं तर दाखला गुजरातचा, भिवंडीच्या वीटभट्टीवर जन्मलं तर भट्टीच्या गावचा. होळीनंतर कुटुंब परत आलं की तिथल्या ग्रामपंचायतीत पुन्हा कोण जाणार? बोटीवरच्या खलाशाचं तर विचारूच नका. पाकिस्ताननं पकडलेल्या बोटींवर या तालुक्यांतली पोरं असतात. २०२४ च्या मार्चमध्ये त्यांतल्या एकाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला, आणि पार्थिव घरी पोचायला मे उजाडला. परदेशातल्या नागरिकांच्या जन्म-मृत्यूसाठी या कायद्यात कलम वीस आहे. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दूतावासात जाणारं कुटुंब असावं. कराचीच्या कोठडीतला वारली खलाशी नक्कीच नसावा.

कायदा २०२३ मध्ये बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा एकच पुरावा: जन्माचा दाखला. एक जून आता चालणार नाही. वर्षापेक्षा जुन्या नोंदीचा आदेश न्यायदंडाधिकाऱ्याकडून जिल्हाधिकारी आणि प्रांताच्या यंत्रणेकडे आला. कोर्टाचा खेटा वाचला, हे चांगलं. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी नागरी नोंदणीचं मोबाइल ॲप सुरू केलं: घरबसल्या कळवा. मग २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्रानं उशिराच्या नोंदींचं काम काही काळ थांबवलं आणि नंतर पोलिस पडताळणीसह कडक नियम लावले, कारण घुसखोरांनी दाखले मिळवल्याचे आरोप झाले होते. आरोप राज्याच्या दुसऱ्या भागांतले होते. पण उशिराची नोंद ज्यांची सगळ्यात जास्त असते, त्यांनाही तीच चाळणी. एका हातानं ‘दाखल्याशिवाय शाळा नाही’ म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं उशिरा येणाऱ्याकडे संशयानं पाहायचं. या दोन्ही हातांच्या मधे पाड्यावरची आई उभी आहे.

नियमांच्या पुस्तकात एक तरतूद मला फार आवडते. मूल धावत्या वाहनात जन्मलं तर नोंद कुठे करायची? उत्तर: वाहन जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे. कळवायची जबाबदारी वाहन ज्याच्या ताब्यात त्याची. महाराष्ट्रात १०८ च्या रुग्णवाहिका २०१४ पासून धावताहेत आणि त्यांत जन्मलेली मुलं थोडी नाहीत. अहमदाबाद महामार्गावर तलासरीच्या पुढे निघालेली गाडी काही मिनिटांत अच्छाडचा नाका ओलांडते. तिथे फोन आधी महाराष्ट्राच्या टॉवरवर असतो, मग गुजरातच्या, आणि स्वागताचा संदेश गुजरातीत येतो. आत बाई कळा देते आहे, आशाताई एका हातानं तिला धरून दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन लावते आहे. रेंज जाते, परत येते. बाळ रडतं. ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, आणि मूल कुठल्या गावच्या वहीत जाणार ते त्या ठिकाणी ठरतं.